सुंदराबाईच्या जेवणाला नाव ठेवणारा मेल

हिरकणीवाडीत सुंदराबाईशी भांडण उकरून काढायचं असेल तर फारसे कष्ट पडत नाहीत. तिच्या गाईला मारकी म्हणा, ती हसेल. तिच्या नवऱ्याला, म्हणजे सोनबाला, आळशी म्हणा, ती त्यात स्वतःचे दोन शब्द घालेल. पण तिच्या हातच्या जेवणाला नाव ठेवलंत की संपलं. मग तुम्ही आहात आणि ती आहे.

एकदा एका पाहुण्याने रोपवेच्या रांगेत उभ्या उभ्या शेजारच्याला सांगितलं, "त्या वळणावरच्या घरात जेवण बरं होतं, पण ताक जरा पातळ." वाडीत अशी गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. त्याचा पाळणा यायच्या आत सुंदराबाई तांब्या घेऊन रांगेत हजर! "घ्या, प्या हे आता. आणि सांगा सगळ्यांसमोर, पातळ हाय का?" तो बिचारा पीत होता, अख्खी रांग बघत होती, आणि सोनबा लांब झाडाखाली उभा राहून आपण या बाईला ओळखतच नाही असं दाखवत होता. ताक दाट होतं, असं त्या पाहुण्याने कबूल केल्यावरच ती मागे फिरली.

तर अशी ही बाई. माहेर पोलादपूरकडचं, उमरठचं. लग्न होऊन गडाच्या पायथ्याशी आली आणि दारावरून गड चढणारी, उतरणारी माणसं बघत राहिली. कधी तरी कुणाला तरी पडवीत बसवून भाकरी-पिठलं वाढलं, त्याने पुढच्या खेपेला चार मित्र आणले, आणि तसंच वाढत वाढत घरामागे चार खोल्या उभ्या राहिल्या. दारावर पाटी लागली: घरगुती राहण्या-जेवणाची सोय. स्वयंपाकघरात तिचा कायदा कडक. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय चुलीपाशी कुणी यायचं नाही. सोनबाच्या डोक्यावर केस शोधूनही सापडत नाहीत, तरी त्याला सुद्धा पाणी प्यायला आत जाताना फडकं बांधावं लागायचं.

घरात लॅपटॉप आला तो सुनेबरोबर. सून साक्षी, महाडची. शिकलेली, बोलायला गोड, आणि सासूच्या रागाला न घाबरणारी. मुलगा साहिल महाडच्या एमआयडीसीत कामाला, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे घरचा धंदा सासू-सुनेच्याच हातात. साक्षीने आल्या आल्या घराचं नाव एका बुकिंगच्या साइटवर घातलं, खोल्यांचे फोटो टाकले, मेलचा पत्ता काढला. सुंदराबाईने सुरुवातीला नाक मुरडलं. "त्या पेटीतून कोण यायचं हाय जेवायला?" पण एक दिवस नागपूरचं एक कुटुंब दारात उतरलं आणि म्हणालं, "काकू, तुमच्या भाकरीबद्दल वाचून आलो." नागपुराहून! सुंदराबाई त्या दिवशी पाहुण्यांपेक्षा लॅपटॉपकडेच जास्त कौतुकाने बघत होती.

मग ती शिकली. मराठीतले मेल वाचायला शिकली, एका बोटाने टायपायला शिकली. इंग्रजी आलं की साक्षीला हाक. आणि साक्षीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, मेलला फाईल जोडलेली असली आणि माणूस ओळखीचा नसला, तर ती उघडायची नाही. बँक म्हणो, पोलीस म्हणो, लॉटरी म्हणो. फाईलीत काय भरलेलं असेल सांगता येत नाही. उघडली की आतला चोर घरात. आपले पासवर्ड घेऊन जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही."

चोर म्हटल्यावर सुंदराबाईच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यानंतर आलेल्या फसव्या मेलांची तिने जी गत केली ती ऐकण्यासारखी होती. तुम्हाला बक्षीस लागलंय, सोबतची फाईल पाहा. "लागलं तर तूच ठेव." वीज कापली जाईल, सोबतचं बिल उघडा. "काप रे, कंदील हाय माझ्याकडं." तुमच्यावर गुन्हा नोंदला आहे, नोटीस जोडली आहे. "तुझ्या बापावर नोंदव!" आणि टिचकी मारून मेल कचऱ्यात. शेजारचा सोमा, गड दाखवायचं काम करणारा गाइड, त्याला असला काही मेल आला की तो मोबाइल घेऊन हिच्याकडे यायचा. सुंदराबाई नुसतं बघून सांगायची, "चोर हाय." एवढ्यावर तिची वाडीत भलतीच ख्याती झाली, आणि खरं सांगायचं तर ती थोडी तिच्या डोक्यातही गेली.

डिसेंबर उजाडला, सहलींचे दिवस आले. त्यातच साक्षीच्या भावाचा साखरपुडा निघाला आणि ती दोन रात्री महाडला गेली. जाताना म्हणाली, "साताऱ्याच्या बायकांचा ग्रुप येणार आहे शनिवारी. अनुपमाताई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांनी बुकिंग केलंय. त्यांचा मेल आला तर फक्त 'बरं' म्हणा. बाकी मी आल्यावर बघते."

"जा गो, निवांत जा. मी हाय ना हितं," सुंदराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणारी माणसं उठली, भांडी घासून झाली, आणि सुंदराबाई पदराला हात पुसत पडवीतल्या लॅपटॉपपुढे बसली. एक नवा मेल होता. मराठीत होता, पण मराठी कसलं, लाकूड तोडल्यासारखं. *आदरणीय मालक, आम्ही आपल्या ठिकाणी वास्तव्य केले. आपल्या जेवणामध्ये केस सापडला आहे. पुराव्याचे छायाचित्र जोडले आहे. आज उत्तर न दिल्यास छायाचित्र साइटवर सर्वांना दाखवण्यात येईल.*

सुंदराबाईने ते एकदा वाचलं. मग तोंडाने पुटपुटत परत वाचलं. आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या भाकरीत केस? माझ्या?"

गंमत बघा, मेलात भाकरीचा शब्दही नव्हता. पण तिला दिसली ती भाकरीच. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, आणि त्यातून वर आलेला एक लांब काळा केस. पोलीस, बँक, वीज सगळ्यांना तिने वाटेला लावलं होतं. त्यांच्या धमक्यांनी तिचं काय जाणार होतं? पण इथे तिची अब्रू चव्हाट्यावर टांगायला निघालं होतं कुणी. फाईल उघडू नको, हे साक्षीचं बोलणं तिला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण हा चोर नव्हता ना! हे तर गिऱ्हाईक होतं, रुसलेलं. आणि रुसलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला नको?

तिने फाईलीवर टिचकी मारली. लॅपटॉपने इंग्रजीत काही तरी विचारलं. हो आणि नाही, दोन चौकोन. साक्षीने दाखवलेलं असल्यामुळे हो कुठला ते तिला ठाऊक होतं. हो. परत काही तरी विचारलं. "हो रे बाबा, दाखव एकदा!" पडदा जरासा लुकलुकला आणि होता तसा झाला. फोटो नाही, काही नाही. तिने आणखी एकदा उघडून बघितलं, चष्मा पुसून बघितलं, लॅपटॉप उजेडाकडे वळवून बघितलं. नाहीच. मग एका बोटाने तिने उत्तर लिहिलं: *फोटो दिसत नाही. परत पाठवा. माझ्या घरात केस निघत नाही.* आणि पाठवून दिलं.

त्यानंतर घरात जे काही झालं ते सोनबाने पुढे बरेच दिवस लोकांना रंगवून सांगितलं. चूल विझली होती, तरी पुन्हा स्वयंपाकघर धुवून निघालं. पिठाचा डबा रिकामा करून पीठ चाळलं गेलं. फडकी उकळत्या पाण्यात टाकली. सोनबाला उजेडात बसवून त्याचं टक्कल तपासलं. "अगं, काय झालंय ते तरी सांगशील?" असं त्याने विचारलं, तर "काय नाय" एवढंच उत्तर. कारण सांगायचं कसं? जेवणाला कुणी नाव ठेवलं हे तोंडाने उच्चारणंच तिला मरणाचं वाटत होतं. ते वाडीत फुटलं तर? समोरच्या चंद्राबाईच्या खानावळीत त्या दिवशी पेढेच वाटले असते.

विचार करता करता तिचं मन एका ठिकाणी येऊन अडकलं. लांब केस घरात दुसऱ्या कुणाचे आहेत? साक्षीचे.

साक्षी साखरपुड्याहून हसत आली. हातात मिठाई, डोक्यात गजरा. सासूने मिठाई बाजूला ठेवली आणि म्हणाली, "केस बांध गो आधी. घरात मोकळ्या केसांनी हिंडायचं नाय."

"आई, आत्ताच तर आले मी."

"आलीस तर काय झालं? तुला काय, गिऱ्हाइकांच्या ताटात काय पडतंय त्याचं!"

साक्षी बघतच राहिली. एरवी सासू तोडून बोलली तरी त्यात एक हसू लपलेलं असायचं, आज ते नव्हतं. ती आत गेली, गजरा काढून ठेवला, वेणी करकचून बांधली. सुंदराबाईला ते दिसलं आणि वाईटही वाटलं. पण एकदा बोलून गेल्यावर मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा फोन वाजला. सुंदराबाईने घेतला. पलीकडे अनुपमाताई होत्या. आवाज शाळेत शोभेल असा.

"साक्षी आहे का? तिला द्या. नाही तर तुम्हीच ऐका. काल तिचा मेसेज आला तुमच्या बुकिंगच्या साइटवरून. बुकिंग रद्द होऊ नये म्हणून कार्डाची माहिती परत भरा, म्हणे. खाली तिचं नाव. तिचं नाव बघून मी भरली. आज सकाळी माझ्या खात्यातून सहलीचे सगळे पैसे गेले! बायकांनी विश्वासाने माझ्याकडे दिलेले पैसे आहेत ते. मी तुमच्या सुनेविरुद्ध तक्रार करणार आहे, सांगून ठेवते."

सुंदराबाईने फोन तसाच सुनेपुढे धरला. साक्षीने तो घेतला, ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. पण पोरीचं डोकं ठिकाणावर होतं. ती म्हणाली, "ताई, माझ्यावर तक्रार खुशाल करा, पण आधी फोन ठेवून एक नऊ तीन शून्यला लावा. सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो. नंतर बँकेला कळवून कार्ड बंद करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवता येतात. आत्ता करा, ताई." मग तिने धावत जाऊन इंटरनेटची वायर उपटली, लॅपटॉप बंद केला, आणि स्वतःच्या मोबाइलवरून एकेक पासवर्ड बदलायला बसली. बुकिंग केलेल्या प्रत्येकाला तिने फोन लावला. "आमच्या नावाने काही आलं असेल तर त्यात काही भरू नका. आम्ही असं कधी मागत नाही." कुणी समजून घेतलं, कुणी संशयाने "तुम्हीच पाठवलंत ना?" म्हणालं, एकाने तर फोन आपटला.

संध्याकाळी साहिल आला. त्याला सगळं कळलं तसा तो बायकोवरच उसळला. "माहेरी गेलीस आणि तिथं हॉलचं वायफाय वापरलंस ना? बस, तिथूनच गेलं असणार. सगळं तुझ्या नावावर आहे साक्षी. लोक तुलाच धरणार!"

"मला वाटतं तसंच झालं असेल," साक्षी हळूच म्हणाली. "मीच कुठे तरी चुकले. साइटवरून आपलं नाव काढून टाकते मी. नकोच ते."

आत सुंदराबाई भाकऱ्या थापत होती. हात थापत होते, कान बाहेर होते. वायफायचा आणि या भानगडीचा काही संबंध नाही, हे तिला काही न शिकताही कळत होतं. परवाचा तो मेल, ते दोन चौकोन, ते दोनदा दाबलेलं हो, सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं होतं. एक वाक्य बोललं की सून सुटणार होती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे "माझ्या जेवणात केस निघाला असं कुणी तरी म्हणालं" हे चारचौघांत सांगायचं. तोंड उघडलं आणि मिटलं. तव्यावरची भाकरी करपली. या घरात भाकरी करपली! सोनबाने करपलेली भाकरी बघितली आणि मुकाट्याने खाल्ली, कारण बायकोचा चेहरा बघून काही विचारायची त्याची छाती झाली नाही.

साक्षी त्या रात्री जेवली नाही.

शनिवार आला. सुंदराबाईला वाटत होतं, साताऱ्याची मंडळी आता कशाला येतात? पण गाडी आधीच ठरलेली होती, आणि अनुपमाताई अशा घरी बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आंबेनळी घाटाची वळणं उतरून, पोलादपूर-महाड करत गाडी दुपारी दारात येऊन थांबली. एकेक करून बायका उतरल्या. काहींचे चेहरे घाटाने हिरवे पडलेले, बाकीच्यांचे रागाने लाल. सगळ्यांत पुढे अनुपमाताई.

"साक्षी कोण?"

साक्षी पुढे झाली. हात जोडलेले. "मीच, ताई. चूक माझीच आहे. माझ्याकडूनच—"

"थांब गो!"

हा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. सुंदराबाई बाहेर आली, डोक्याला फडकं, हाताला पीठ. समोर साताऱ्याच्या बायका, पलीकडे रस्त्यावर सोमा, आणि गाडी कुणाकडे आली ते बघायला आपल्या अंगणात येऊन उभी राहिलेली चंद्राबाई. सुंदराबाईने चंद्राबाईकडे एकदा बघून घेतलं. आणि मग जी बोलली ती इतकी मोठ्याने बोलली की चंद्राबाईला कान द्यायची गरज उरली नाही.

"हिची काय चूक नाय. ही हितं नव्हतीच. मी केलंय. मला मेल आला, तुमच्या जेवणात केस निघाला म्हणून. फोटो जोडलाय म्हणून. मी ती फाईल उघडली. पेटीनं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. ही पोर मला सतरांदा सांगत होती, उघडू नका. मी उघडली. आणि दोन दिवस गप बसले. हिला शिव्या बसताना ऐकत बसले. करा, तक्रार करायची तर माझ्यावर करा. नाव लिहून घ्या, सुंदराबाई."

साक्षी सासूकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अनुपमाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग," त्या म्हणाल्या, "होता का केस?"

"तेच तर कळलं नाय ना मला अजून!" सुंदराबाई कळवळून ओरडली. "मेल्यानं फोटो दाखवलाच नाय!"

पहिल्यांदा मागची एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग घाटाने हिरव्या पडलेल्या सुद्धा हसायला लागल्या. अनुपमाताईंनी हसू दाबायचा बराच प्रयत्न केला, पण त्यांनाही ते आवरलं नाही. "अहो बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि साक्षीचं नाव बघून मीही कार्डाचा नंबर लिहून मोकळी झालेच ना. एका फोनवर विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? ते जाऊ द्या. हिच्या सांगण्यावरून लगेच फोन केला, म्हणून पैसे पुढच्या खात्यात अडवलेत. मिळतील म्हणालेत. आता जेवायला काही आहे का नाही?"

जेवायला होतं. भरपूर होतं. पंगत बसली आणि साक्षी सगळ्यांना वाढता वाढता सांगत होती. मेलात नाव नव्हतं, तारीख नव्हती, कुठल्या खोलीत राहिलो ते नव्हतं. आज उत्तर द्या अशी घाई मात्र होती. "आणि आई, खऱ्या फोटोला परवानगी लागत नाही. फोटो नुसता दिसतो. हो का नाही असं विचारायला लागला की समजायचं, तो फोटो नाही. असा मेल त्यांनी शेकडो हॉटेलांना पाठवला असेल."

"शेकडो?" सुंदराबाईचा वाढपाचा हात थांबला. "म्हणजे माझ्या एकटीला नव्हता?"

"नाही हो. त्यांना तुम्ही माहीतही नाही. त्यांनी तुमची भाकरी कधी बघितलीसुद्धा नसेल."

यावर खूश व्हावं का चिडावं, हे सुंदराबाईला बराच वेळ ठरवता आलं नाही.

पंगत उठल्यावर दोघी चुलीपाशी उरल्या. साक्षी म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, आई?"

"तुला वाटलं असतं, खरंच निघाला."

"निघाला असता तरी काय? मी तुमच्याच बाजूने भांडले असते ना."

सुंदराबाईने नुसती गरम भाकरी सुनेच्या ताटात वाढली, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ती खाईपर्यंत तिच्या समोर बसून राहिली.

लॅपटॉप महाडला जाऊन सगळा पुसून, धुवून आला. साइटवर जायला आता नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाइलवर येणारा आकडा पण लागतो, आणि तो मोबाइल सुंदराबाईच्या पदराला बांधल्यासारखा तिच्याजवळ असतो. तिच्या शिकवण्यात मात्र मोठा फरक पडला. पूर्वी ती "चोर हाय" एवढंच सांगायची. आता तिने सोमाला गाठून विचारलं, "तुला राग कशाचा येतो रे सगळ्यात जास्त?" सोमा म्हणाला, मी गडाची चुकीची माहिती सांगतो असं कुणी म्हटलं तर. "मग तुला तसला मेल येईल बघ. त्याच्यात फाईल असंल. तेव्हा हात मागं बांधून बस आणि कुणाला तरी हाक मार." ती चंद्राबाईकडेही गेली, स्वतःहून, आणि तिलाही हेच सांगून आली. दोघी चहा प्यायल्या म्हणे. वाडीने हे फार दिवसांनी पाहिलं.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर, एका दुपारी, पुन्हा एक मेल आला. सुंदराबाईच लॅपटॉपपुढे होती. तिने वाचला, हात मांडीवर ठेवले, आणि हाक मारली, "साक्षी, इकडं ये गो."

साक्षी आली. मेलात लिहिलं होतं: *आपल्या येथील तरुण महिला कर्मचाऱ्याने आमच्याशी अत्यंत गैरवर्तन केले. व्हिडिओ जोडला आहे. त्वरित पाहून खुलासा करावा.*

साक्षीला सगळं कळत होतं. नाव नाही, तारीख नाही, घाई आहे, फाईल आहे. शिकवणारी तीच होती. तरी तिचा चेहरा पडला. मागच्या रविवारी एका पाहुण्याला ती जरा तडकून बोलली होती खरी. कुणी मोबाइलवर काढलं असेल का? तिचा हात नकळत पुढे झाला.

"आई, काय असेल हो त्यात? तुम्ही बघाल तर तुम्हाला काय वाटेल?"

सुंदराबाईने तिचा हात धरून बाजूला केला आणि एका बोटाने मेल पुसून टाकला.

"काय असायचंय? तुझं काय बघायचं ते मी रोज बघते ना," ती म्हणाली. "चल, पीठ मळायचंय."